वसाहतकालीन अमेरिकेतलं घराणं शोधताना: मृत्युपत्रं कुठे शोधायची आणि कशी वाचायची

अमेरिकेत स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत आज सून किंवा जावई तिकडच्या जुन्या घराण्यातला असतो. नातवंडांची वंशावळ लिहायला बसलं की एका बाजूला छापील कुलवृत्तांत असतो आणि दुसऱ्या बाजूला कोरा कागद. तो कागद भरता येतो. १७७६च्या आधीची अमेरिका, म्हणजे इंग्रजांच्या तेरा वसाहती, कागदपत्रांच्या बाबतीत आपल्याला वाटतं त्यापेक्षा श्रीमंत आहे. फक्त जन्ममृत्यूच्या दाखल्यांची अपेक्षा सोडून द्यावी लागते. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्येकडच्या वसाहतींतल्या, गावांनी जन्म, लग्न, मृत्यू बऱ्यापैकी नोंदवले. दक्षिणेत हे काम चर्चकडे होतं आणि तिथली बहुतेक दप्तरं नष्ट झाली आहेत. पण माणूस मेला आणि मागे जमीन, गुरं किंवा कर्ज ठेवून गेला, तर कोर्टाला त्यात लक्ष घालावंच लागे. म्हणून मृत्युपत्र हा या शोधाचा कणा.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. मृत्युपत्र हा मालमत्तेचा कागद आहे, कुटुंबाची यादी नव्हे. ज्याला काही द्यायचं आहे किंवा ज्याचा हक्क तोडायचा आहे, त्याचंच नाव त्यात येतं. अशा शोधांतल्या बहुतेक चुका हा फरक विसरल्याने होतात. सातबारा आणि फेरफार एकमेकांशी ताडून पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागणार नाही.

आधी १८५०पर्यंत मागे या

थेट सतराव्या शतकात उडी मारू नका. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जा आणि प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीशी जोडणारा किमान एक कागद हातात ठेवा. अमेरिकेची पहिली जनगणना १७९०ची, पण १८४०पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटांनुसार आकडे मिळतात. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा १८५०मध्ये लिहिलं गेलं आणि कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं १८८०मध्ये. म्हणजे १८५० ते १७९० हा पट्टाच सर्वांत अवघड. वसाहतकाळ त्यापेक्षा पुष्कळदा सोपा जातो.

हा पट्टा ओलांडायला स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणं फार कामाची. १८१८ आणि १८३२च्या कायद्यांनी सैनिकांना आणि १८३६नंतरच्या कायद्यांनी विधवांना निवृत्तिवेतन मिळू लागलं. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून तिने घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नांच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडलेलं कधी कधी सापडतं. १७६०च्या सुमारास जन्मलेल्या माणसाचं गाव अशा प्रकरणातून कळलं की वसाहतकाळाचं दार उघडलं.

कोणती कचेरी?

हे वसाहतीगणिक बदलतं. चुकीच्या कचेरीत शोधून 'मृत्युपत्र नाही' असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक आहे.

व्हर्जिनियात मृत्युपत्रं, खरेदीखतं आणि कोर्टाचे हुकूम, तिन्ही काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कोर्टात. मॅसॅच्युसेट्समध्ये दोन्ही कामं काउंटीच्या पातळीवर, पण प्रोबेट (मृत्युपत्र शाबित करून मयताच्या मालमत्तेचा निवाडा करणं) आणि जमीन यांच्या कचेऱ्या वेगळ्या. कनेक्टिकटमध्ये प्रोबेटचे स्वतंत्र जिल्हे, त्यांचा काउंटीच्या सीमेशी संबंध नाही, आणि खरेदीखतं मात्र गावाच्या दप्तरात. ऱ्होड आयलंडमध्ये दोन्ही गावातच. पेनसिल्व्हेनियात प्रत्येक काउंटीचा मृत्युपत्रांचा निबंधक असे. मेरीलँडमध्ये १७७७पर्यंत मृत्युपत्रं अ‍ॅनापोलिसच्या मध्यवर्ती न्यायालयात नोंदली जात. ती आज तिथल्याच राज्य अभिलेखागारात आहेत. साउथ कॅरोलिनाचा वसाहतकाळ जवळजवळ सगळा चार्ल्सटनमध्ये एकवटलेला. न्यू जर्सीची वसाहतकालीन मृत्युपत्रं राज्याच्या अभिलेखागारात.

दुसरा घोटाळा सीमांचा. वस्ती पश्चिमेला सरकली तशा मोठ्या काउंट्या चिरत गेल्या. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी १७२९मध्ये चेस्टरमधून निघाली आणि यॉर्क १७४९मध्ये लँकेस्टरमधून. आज लँकेस्टरमध्ये असलेल्या शेतावर १७२५मध्ये वारलेल्या माणसाचं मृत्युपत्र चेस्टरच्या दप्तरात असणार, आणि तो माणूस आयुष्यात कधीच कुठे हललेला नसेल. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंटीच्या सीमा तारखेनिशी दाखवणारा नकाशासंग्रह तयार केला आहे. कोणतंही दप्तर उघडण्याआधी त्या जागेची त्या वर्षीची काउंटी तिथे पाहून घ्या. नावंही फसवतात: लँकेस्टर काउंटी व्हर्जिनियातही आहे, आणि तिची दप्तरं १६५०च्या दशकापासून चांगली टिकली आहेत.

तारखा

इंग्रजी वसाहतींत १७५२पर्यंत जुनी, जूलियन कालगणना होती आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. शक संवत्सर चैत्रात बदलतं, जानेवारी-फेब्रुवारी मागच्याच शकात मोजतात, तसंच हे. म्हणून १० फेब्रुवारी १७३१ हा दिवस १० डिसेंबर १७३१नंतर येतो. ते लक्षात न घेता तारखा मांडल्या की लग्नाआधी मूल किंवा मृत्यूनंतर मृत्युपत्र असे चमत्कार दिसू लागतात. १७५२मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला आणि वर्ष जानेवारीपासून मोजायला सुरुवात झाली.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरच्या बायबलमध्ये त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/२ असा नोंदलेला आहे. आज तोच दिवस २२ फेब्रुवारी १७३२ म्हणून पाळतात. तुमच्या टिपणात तारीख कागदावर असेल तशीच उतरवा आणि जानेवारी ते २४ मार्चमधल्या तारखांना असं दुहेरी वर्ष लावा. अकरा दिवस स्वतः मिळवू नका. पुढचा वाचणारा पुन्हा मिळवतो आणि तारीख बिघडते. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांना नावांऐवजी आकडे देत. १७५२पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च, बारावा फेब्रुवारी.

मृत्युपत्र म्हणजे एक कागद नव्हे

छापील संग्रहात किंवा संकेतस्थळावर मिळतो तो बहुधा सारांश असतो: नाव, तारीख, मुलांची नावं. त्यावर थांबू नका. माणूस मेल्यावर कोर्टात कागदांची एक साखळी तयार होई आणि तिचा प्रत्येक दुवा वेगळं काही सांगतो.

मृत्युपत्र पुष्कळदा शेवटच्या आजारपणात केलं जाई. मृत्यूनंतर साक्षीदार कोर्टाच्या पुढच्या बैठकीत हजर होऊन शपथेवर ते शाबित करत. लिहिल्याची तारीख आणि शाबित झाल्याची तारीख यांच्या मधे कुठेतरी मृत्यू असतो. स्वतंत्र पुरावा नसेल तर एवढंच लिहावं, कोणतीही एक तारीख मृत्यूची म्हणून ठोकून देऊ नये. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे वडील ऑगस्टीन यांचं मृत्युपत्र ११ एप्रिल १७४३चं आहे. ते दुसऱ्याच दिवशी वारले आणि मृत्युपत्र मे महिन्यात किंग जॉर्ज काउंटीत शाबित झालं. इथे अंतर एका महिन्याच्या आत आहे. काही घराण्यांत ते वीस वर्षांचंही निघतं, आणि तेव्हा त्यातली 'धाकटी मुलं' शाबितीच्या वेळी चाळिशीला आलेली असू शकतात.

यानंतर मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा कोर्टाला हमीखत लिहून देई. मृत्युपत्र नसेल तर कोर्ट प्रशासक नेमी आणि तोही हमीखत देई. त्यावर जामीन राहणारी माणसं नीट पाहा, कारण ही जोखीम घरचाच माणूस पत्करतो: विधवेचा भाऊ, थोरला जावई, दीर. विधवेचं माहेर कळायचं असेल तर मृत्युपत्रापेक्षा हमीखत अधिक उपयोगी पडतं. कोर्टाने नेमलेले तीन-चार शेजारी मग घरात फिरून चीजवस्तूंची किंमतवार यादी करत. यादीत लोहाराची ऐरण असेल तर धंदा कळला, जर्मन बायबल असेल तर मूळ कळलं. पुढे लिलाव झाला की खरेदी करणाऱ्यांच्या नावांत जावई सापडतात. शेवटी हिशेब आणि वाटप. सगळे वारस एकत्र दिसण्याची सर्वांत जास्त शक्यता वाटपाच्या कागदात असते, आणि तो मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षांनी, धाकटं मूल सज्ञान झाल्यावर, नोंदलेला असू शकतो. म्हणून मृत्यूनंतरच्या किमान वीस वर्षांचं दप्तर चाळा.

मृत्युपत्राच्या वहीत असते ती कारकुनाने केलेली नक्कल. मूळ कागद सुटा, वेगळ्या पाकिटात असतो, आणि त्यावरच खरी सही किंवा निशाणी दिसते. आपल्याकडे 'निशाणी डावा अंगठा' तशी तिथे फुली किंवा नावाचं आद्याक्षर. निशाणी केली म्हणजे लिहिता येत नव्हतं असं लगेच म्हणू नये. मरणाच्या दारातल्या माणसाचा हात थरथरतो. पण एकाच नावाच्या दोघांपैकी एक आयुष्यभर सही करतो आणि दुसरा आयुष्यभर फुली मारतो, तेव्हा त्यांना वेगळं करायला याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

नात्यांचे शब्द

मराठीत आत्या आणि मावशी वेगळ्या, पुतण्या आणि भाचा वेगळे. इंग्रजीत हे आजही एक आहेत, आणि वसाहतकाळात शब्द आणखी सैल होते.

'सन-इन-लॉ' म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा. 'मदर-इन-लॉ' सासू किंवा सावत्र आई. 'कझिन' हा शब्द पुतण्या, भाची यांच्यासाठी सर्रास येई. 'ब्रदर' हा मेहुणा, साडू किंवा एकाच चर्चमधला बंधूही असू शकतो. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' यांचा अर्थ एवढाच की त्या परिसरात एका नावाचे दोघे आहेत आणि एक वयाने मोठा आहे. ते काका-पुतणे असतील किंवा नात्यातले नसतीलही. थोरला वारला की धाकटा 'सीनियर' होतो, म्हणजे तीच पदवी काही वर्षांत दुसऱ्या माणसाला चिकटते. 'इन्फंट' म्हणजे कायद्याच्या भाषेतला अज्ञान, एकवीस वर्षांखालचा कोणीही. 'ऑर्फन' म्हणजे वडील वारलेलं मूल, आई हयात असली तरी. 'मिसेस' ही सामाजिक मानाची खूण होती, ती अविवाहित स्त्रीलाही लागे.

'माझी आत्ताची पत्नी' हा शब्दप्रयोग विशेष फसवा. वाचणाऱ्याला वाटतं, आधी दुसरी पत्नी असणार. वकिली भाषेत त्याचा हेतू एवढाच की देणगी आज हयात असलेल्या पत्नीला आहे, पुढे दुसरं लग्न झालं तर त्या बाईला नाही. पहिल्या पत्नीचा पुरावा म्हणून तो चालत नाही.

एक शिलिंग दिलेला मुलगा म्हणजे घराबाहेर काढलेला, असं सरसकट मानू नका. पुष्कळदा त्याला लग्नाच्या वेळीच शेत दिलेलं असतं, आणि नंतर 'मला विसरले' असा दावा त्याने लावू नये म्हणून शिलिंगाचा उल्लेख केलेला असतो.

जो मृत्युपत्रात नाही तो

व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता माणूस वारला तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. हा ज्येष्ठाधिकार रद्द करणारा कायदा १७८५मध्ये झाला आणि १७८७पासून अमलात आला. याचा परिणाम मृत्युपत्रांवरही दिसतो: जी जमीन कायद्यानेच थोरल्याला मिळणार, ती बाप लिहीतच नाही. कागदात फक्त धाकट्यांची नावं येतात आणि शोध घेणारा थोरल्याला त्या घरातून वगळून टाकतो. अशा वेळी जमिनीचा हिशेब मांडा. बापाने ६०० एकर घेतले, मृत्युपत्रात ३५० एकर वाटले, उरलेले २५० पुढे कोणी विकले? विकणारा बहुधा थोरला मुलगा असतो आणि खरेदीखतात 'अमक्याचा मुलगा आणि कायदेशीर वारस' असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनिया इथे मृत्युपत्र नसेल तर सगळ्या मुलांना हिस्सा मिळे आणि थोरल्याला दुप्पट. पाच मुलं असतील तर सहा भाग करून दोन थोरल्याला. वाटपाच्या कागदातल्या अपूर्णांकावरून एकूण मुलं किती होती हे काढता येतं, अगदी सगळी नावं वाचता येत नसली तरी.

विधवेला पतीच्या जमिनीपैकी एक तृतीयांश हिस्सा हयातभर वापरायचा हक्क होता. म्हणून विवाहित पुरुषाने जमीन विकली की पत्नी आपला हा हक्क सोडते अशी नोंद शोधावी. तिचं पाळण्यातलं नाव अनेकदा फक्त तिथेच मिळतं. वीस वर्षांच्या विक्रीखतांत आधी एलिझाबेथ आणि नंतर सुझॅना हक्क सोडत असेल, तर दुसरं लग्न आणि त्याचा अंदाजे काळ, दोन्ही हाती आले.

वडिलांच्या आधी वारलेली मुलं तर मृत्युपत्रात येतच नाहीत. ऑगस्टीन वॉशिंग्टन यांना दोन लग्नांची मिळून दहा मुलं झाली. १७४३च्या मृत्युपत्राच्या वेळी त्यांतली सात हयात होती. नुसत्या मृत्युपत्रावरून कुटुंब उभं केलं असतं तर तीन मुलं नाहीशी झाली असती.

एक स्त्री, तीन काउंट्या

वसाहतकालीन स्त्रीचा माग काढणं हे या कामातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं. जॉर्ज वॉशिंग्टन यांची आई मेरी बॉल हिचं उदाहरण घ्या, कारण कागद टिकले आहेत आणि कोणालाही पाहता येतात.

१७११मध्ये लँकेस्टर काउंटीत जोसेफ बॉल यांनी मृत्युपत्रात मुलगी मेरी हिला रॅपहॅनक नदीच्या वरच्या अंगाची ४०० एकर जमीन दिली. मेरी तेव्हा लहान होती. तिची आई, तिचंही नाव मेरीच, पुन्हा लग्न करून ह्यूज आडनावाची झाली आणि नॉर्थंबरलँड काउंटीत गेली. लँकेस्टरच्या दप्तरात 'विधवा बॉल' शोधत बसणाऱ्याला ती पुढे सापडणारच नाही. १७२१मध्ये नॉर्थंबरलँडमध्ये शाबित झालेलं मृत्युपत्र मेरी ह्यूज या नावाचं आहे. त्यात मुलगी मेरी बॉल हिला घोडा, खोगीर, बिछाना अशा वस्तू दिल्या आहेत आणि तिची देखरेख जॉर्ज एस्क्रिज यांच्याकडे सोपवली आहे. आईचं आडनाव एक, मुलीचं दुसरं, आणि नातं स्पष्ट शब्दांत. या आईला जोसेफ बॉल यांच्या आधीच्या, पहिल्या लग्नापासून झालेला मुलगा जॉन जॉन्सन, त्याचंही मृत्युपत्र त्याच सुमाराचं. त्यात तो रिचर्ड ह्यूज यांना 'फादर-इन-लॉ' म्हणतो. सासरा असं भाषांतर केलं तर सगळी वंशावळ कोलमडते. ते त्याचे सावत्र वडील.

तिसरा कागद १७४३चा, ऑगस्टीन वॉशिंग्टन यांचा, किंग जॉर्ज काउंटीतला. त्यांनी जॉर्जला दिलेलं शेत, फेरी फार्म, तेव्हा किंग जॉर्ज काउंटीत होतं. सीमा बदलल्याने आज ते स्टॅफर्ड काउंटीत आहे.

यावरून पद्धत अशी निघते. बाप वारला आणि आई तरुण असेल तर तिने दोन-तीन वर्षांत पुन्हा लग्न केलं असावं असं धरून चाला. पुढच्या नवऱ्याचं नाव कोर्टाच्या हुकूमवहीत मिळतं, 'अमका आणि त्याची पत्नी, मयत तमक्याची अंमलदार' अशा शब्दांत. मुलं चौदा वर्षांची झाली की त्यांना स्वतःचा पालक निवडता येई. अशी निवड नोंदलेली सापडली की जन्मवर्ष एक-दोन वर्षांच्या अंतरात पकडता येतं, आणि निवडलेला पालक बहुधा मामा किंवा काका असतो.

जमीन

एका काउंटीत एकाच काळात तीन जॉन स्मिथ असतील तर त्यांना वेगळं करणारी एकच खात्रीची गोष्ट: कोण कुठे राहत होता. खरेदीखतात चतुःसीमा असतात, ओढ्यांची आणि शेजाऱ्यांची नावं असतात. त्यावरून प्रत्येक जॉनला त्याच्या तुकड्यावर बसवा, मग मृत्युपत्राचे साक्षीदार कोणत्या तुकड्याचे शेजारी आहेत ते पाहा.

सीमा अशा लिहिलेल्या असतात: 'पांढऱ्या ओकपासून उत्तर ४५ अंश पूर्व, ६० पोल, ओढ्याकाठच्या झाडापर्यंत.' पोल, पर्च आणि रॉड ही एकाच मापाची तीन नावं, साडेसोळा फूट. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट म्हणजे बरोबर दोन पोल, कारण दोन्हींच्या मुळाशी इंग्रजी मोजणीची ६६ फुटी साखळीच आहे. चार चौरस पोल म्हणजे एक गुंठा, १६० म्हणजे एक एकर. आलेख-कागदावर कोनमापकाने एकेक ओळ काढत गेलात, एका सेंटिमीटरला २० पोल धरून, तर तुकड्याचा आकार उभा राहतो. शेवटची रेघ पहिल्या बिंदूला मिळाली नाही तर बहुधा नकलणाऱ्या कारकुनाने एखादी ओळ गाळली किंवा दिशा उलटी लिहिली आहे; त्याच तुकड्याचं आधीचं किंवा नंतरचं खत काढून ताडा. शेजारचे तुकडे एकमेकांत बसले की आजच्या नकाशावर ठेवता येतात, पण कोन चुंबकसुईने मोजलेले आहेत आणि सुईची दिशा शतकागणिक सरकते, तेव्हा सगळा आराखडा काही अंश फिरवावा लागेल.

दोन लागोपाठच्या दिवशी, त्याच दोघांत, त्याच जमिनीचे दोन कागद सापडले तर गोंधळू नका. पहिला नाममात्र भाड्याचा वर्षभराचा पट्टा, दुसरा कायमचा हक्क सोडणारा. दोन्ही मिळून एकच विक्री. 'प्रेम आणि मायेपोटी' दिलेली जमीन मात्र बारकाईने पाहा, कारण ते बक्षीसपत्र आहे आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं त्यात बहुधा लिहिलेलं असतं.

व्हर्जिनियात माणूस आणल्याबद्दल दर डोई ५० एकर मिळत. त्या हक्कांच्या यादीत पूर्वजाचं नाव सापडलं म्हणून तो त्याच वर्षी आला असं म्हणता येत नाही. हे हक्क विकले जात, साठवले जात आणि वर्षांनी वापरले जात. 'या तारखेच्या आधी आला' एवढंच लिहावं.

अक्षर

सतराव्या शतकातलं वळण पाहून प्रथम धडकी भरते, जशी मोडी पाहून भरते. उपाय तोच: ठरलेल्या वाक्यांवर हात बसवा. मृत्युपत्राची सुरुवात जवळपास नेहमी सारखी असते, देवाचं नाव, शरीर दुबळं पण स्मृती शाबूत, आत्मा देवाला, देह मातीला. या ओळींवरून त्या कारकुनाची अक्षरं ओळखा, तक्ता करा, मग पुढची नावं वाचा. लांब 'एस' हे 'एफ'सारखं दिसतं. शब्दाच्या सुरुवातीला दोन छोटे 'एफ' म्हणजे एक मोठं. 'जे-एन-ओ' हे जॉनचं संक्षिप्त रूप आहे, जोनाथनचं नव्हे. या एका चुकीने अनेक वंशावळींत नसलेली माणसं शिरली आहेत. क्रिस्टोफरच्या सुरुवातीला 'एक्स' लिहीत. उतारा काढताना मूळ शुद्धलेखन बदलू नका, आणि न लागलेला शब्द अंदाजाने न भरता प्रश्नचिन्ह देऊन सोडा.

रक्कम पौंड, शिलिंग, पेन्समध्ये असते, बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये मात्र कर आणि दंडसुद्धा तंबाखूच्या पौंडांत, म्हणजे वजनात. वसाहतीच्या चलनातला पौंड इंग्लंडच्या पौंडापेक्षा स्वस्त होता, तेव्हा दोन वसाहतींतली श्रीमंती नुसत्या आकड्यांवरून तोलू नका.

गुलामांची नावं

या दप्तरांत आणखी एक माणूससमूह आहे ज्याच्या वंशजांना दुसरीकडे जवळजवळ काहीच मिळत नाही. चीजवस्तूंच्या याद्यांत गुरं आणि भांड्यांच्या ओळींत आफ्रिकी स्त्री-पुरुषांची नावं, कधी वय, आणि किंमत लिहिलेली आहे. ती वाचणं जड जातं, पण छापील सारांशांनी गाळलेली ही नावं मूळ कागदातून उतरवून ठेवणं हे प्रत्येक शोधकाचं कर्तव्य आहे. व्हर्जिनियाच्या १६६२च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरे, म्हणून मृत्युपत्रात 'अमकी आणि तिची होणारी मुलं' असं लिहून एका मुलीच्या नावे केलेलं दिसतं. १७०५च्या कायद्याने तिथे गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवलं. त्यामुळे त्यांचा माग मालकाच्या वारसांबरोबर काढावा लागतो: वाटपात कोण कोणाकडे गेलं, त्या जावयाचं मृत्युपत्र कुठे, त्यातल्या यादीत तीच नावं आहेत का. आई आणि मूल दोन वेगळ्या वारसांकडे गेलेले पुष्कळदा दिसतील, तेव्हा एकाच वारसाच्या मागे जाऊन थांबू नका.

'इंडियन' हा शब्द या कागदांत बहुतेक वेळा तिथल्या मूळ रहिवाशांसाठी येतो. 'ईस्ट इंडियन' असं लिहिलं असेल तर तो आशियातून आणलेला माणूस, मग भारतातला असो वा पूर्वेकडच्या बेटांवरचा. जॉर्ज मेनिफी यांच्या १६३५च्या जमीन-हक्काच्या यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी नोंद आहे. अशी नोंद सापडली तर ती जशीच्या तशी उतरवा. गाव-प्रांत आपल्या मनाने जोडू नका.

दप्तर जळलेलं असेल तर

व्हर्जिनियातल्या काही काउंट्यांची बहुतेक जुनी दप्तरं गेली. काहींनी तर यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून ती रिचमंडला हलवली आणि १८६५च्या तिथल्या आगीत ती नष्ट झाली. तरी वाटा उरतात. जमीन-पट्टे वसाहतीच्या मध्यवर्ती कचेरीत नोंदले जात, ते व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयात आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. १७०४ची शेतसाऱ्याची यादी बऱ्याच काउंट्यांसाठी टिकली आहे. १७८२पासूनच्या करयाद्यांत करपात्र पुरुषांचा हिशेब असतो; एखादं नाव कोणत्या वर्षी दिसू लागलं आणि कोणत्या वर्षी त्याच्या जागी 'मयताची मालमत्ता' आली, यावरून आयुष्याचा आराखडा निघतो. ज्याची जमीन दोन काउंट्यांत होती त्याचं मृत्युपत्र शेजारच्या काउंटीतही नोंदलेलं असू शकतं. इंग्लंडमध्ये मालमत्ता असलेल्यांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या न्यायालयात शाबित होत आणि ती लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात १८५८पर्यंत सलग आहेत.

घरबसल्या शोध

फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर काउंटी कोर्टांच्या दप्तरांच्या लाखो प्रतिमा आहेत. नावाच्या चौकटीत नाव घालून मिळेल तेवढ्यावर थांबणं हा त्याचा अर्धवट वापर. त्यांच्या सूचीत ठिकाण म्हणून काउंटी शोधा, तिच्याखालचे 'प्रोबेट' आणि 'जमीन' हे विभाग उघडा आणि वहीच्या सुरुवातीची अनुक्रमणिका पानोपान वाचा. काही प्रतिमा फक्त त्यांच्या केंद्रात दिसतात. २०२४पासून तिथे हस्तलिखित मजकुरात शब्द शोधायचीही सोय आली आहे, आणि तिने या कामाचं रूप बदललं. आता साक्षीदार, जामीन, शेजारी म्हणून आलेली नावंही सापडतात. पण यंत्राचं वाचन चुकतं, म्हणून आडनावाची पाच-सहा रूपं घालून पाहा आणि प्रतिमा स्वतः वाचल्याशिवाय काहीही लिहून घेऊ नका. बॉस्टनची १८४५मध्ये स्थापन झालेली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी न्यू इंग्लंडच्या घराण्यांसाठी सर्वांत भरवशाची.

दुसऱ्याने चढवलेल्या वंशवृक्षातलं नाव हा पुरावा नव्हे, सुगावा आहे. पन्नास वृक्षांत एकच आईबाप दिसले तरी ते बहुधा एकाच मूळ अंदाजाची पन्नास वेळा केलेली नक्कल असते. डीएनए चाचणीचाही उपयोग मर्यादित: दहा पिढ्यांमागच्या पूर्वजाचा अंश साध्या चाचणीत दिसेलच असं नाही. फक्त बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्राची चाचणी एकाच आडनावाच्या दोन घराण्यांचं मूळ एक की वेगळं, हे सांगू शकते.

प्रत्येक पिढीसाठी एक पान ठेवा. वर दावा लिहा: 'अमका हा तमक्याचा मुलगा.' खाली प्रत्येक कागद वहीक्रमांक, पान आणि काउंटीसह, त्यातला नात्याचा नेमका शब्द मूळ रूपात. त्याखाली विरोधात जाणारी प्रत्येक गोष्ट, आणि ती का मान्य केली किंवा का नाकारली. सगळ्यात शेवटी त्या नावाची त्या काउंटीत त्या काळी असलेली बाकीची सगळी माणसं आणि त्यांचं पुढे काय झालं. हा शेवटचा भाग रिकामा असेल, तर त्या पिढीवर अजून काम बाकी आहे.